साफ केलेल्या लेन्सवर पावसाळ्यानंतर पुन्हा बुरशी? आधी केस आणि कपाट बघा

गणपती झाले की जुने कॅमेरे कपाटातून बाहेर निघतात आणि दरवर्षीचा प्रश्नही निघतो: ‘मागच्या दिवाळीतच फोर्टात देऊन लेन्सची बुरशी काढून घेतली होती, आता परत तेच जाळं. त्याने नुसतं पुसून दिलं की काय?’

यात दुरुस्तीवाल्याचा दोष क्वचितच असतो. त्याने काच साफ केली, पण कॅमेरा परत त्याच कातडी केसमध्ये, त्याच लोखंडी कपाटात, चादरींच्या त्याच गठ्ठ्याखाली गेला. चांगला कारागीर लेन्स हातात देतानाच सांगतो, ‘दादा, काढून दिलीय, पण ठेवायचं नीट बघा, नाहीतर पावसाळ्यात परत येणार.’ आपण मान डोलावतो आणि घरी येऊन केसचं बटण लावतो.

बुरशीला चार गोष्टी लागतात. काही दिवस सलग ७० टक्क्यांच्या वरची आर्द्रता, अंधार, कोंडलेली हवा आणि खायला काहीतरी. पहिली अट जून ते सप्टेंबर मुंबई फुकटात पुरवते. बाकीच्या तीन आपण पुरवतो. आणि तिचं खाणं काच नव्हे, काचेवरचं असतं: धूळ, बोटांचं तेल, हेलिकॉइडच्या (फोकससाठी लेन्स पुढे-मागे नेणाऱ्या पेचाच्या) ग्रीसचा काचेवर बसलेला पातळ थर, केसचं कातडं, आतल्या मखमली अस्तराचे तंतू. त्यावर वाढताना ती आम्ल सोडते. ते आधी काचेवरचा चकाकी रोखणारा थर, म्हणजे कोटिंग, खातं आणि मग काच. म्हणून फार उशीर झाला की बुरशी निघते, पण तिची नक्षी कायमची उमटून राहते. अशा काचेला पुन्हा पुन्हा घासून काही होत नाही, उलट वरून ओरखडे पडतात.

रेंजफाइंडरवाल्यांचं, म्हणजे खिडकीतल्या चौकोनात दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करणाऱ्या कॅमेऱ्यांच्या मालकांचं, दुखणं आणखी वेगळं आहे. एसएलआरमध्ये लेन्समधूनच बघायचं असल्यामुळे धुरकटपणा डोळ्याला कळतो. यशिका इलेक्ट्रो, कॅनोनेट, झोर्की, फेड, लायका यांत आपण बघतो वेगळ्याच खिडकीतून. खिडकी लख्ख आणि लेन्समध्ये जाळं, असं महिनोन्‌महिने चालू शकतं. कळतं ते रोल धुऊन आल्यावर. काळा रंग राखाडी दिसतो, रस्त्यावरच्या दिव्यांभोवती दुधाळ वलय येतं, आणि आपण फिल्मला किंवा लॅबला शिव्या घालतो.

आधी नक्की काय झालंय ते ओळखा

टॉर्च घ्या, मोबाइलचा चालेल. पण एक गोष्ट फिक्स्ड (न निघणाऱ्या) लेन्सच्या कॅमेऱ्यांत हटकून चुकते: समोरून टॉर्च मारून ‘लेन्स साफ आहे’ असा निकाल दिला जातो. इलेक्ट्रो किंवा कॅनोनेटचं शटर लेन्सच्या पोटात असतं आणि ते बंद असतं. समोरून दिसतो तो फक्त पुढच्या काचांचा गट. मागचं दार उघडा, शटर ‘बी’वर (बटण दाबून धरलं तोवर उघडं राहतं त्या खुणेवर) ठेवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, बटण दाबून धरा (केबल रिलीज असेल तर उत्तम) आणि प्रकाश मागून सोडा. मग समोरून जरा तिरकं बघा. इलेक्ट्रोमध्ये हे करण्याआधी चालू बॅटरी घाला, कारण बॅटरी नसली की ते शटर १/५०० सेकंदावरच उडतं. जुना कॅमेरा विकत घेतानाही हाच प्रयोग करायचा. चोर बाजारातला दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

तंतू, कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या किंवा काठाकडून आत सरकणारे ठिपके दिसले तर ती बुरशी. सगळीकडे सारखा पसरलेला धुरकट पापुद्रा असेल तर ते बहुतेक ग्रीसचं तेल. एप्रिल-मेच्या उकाड्यात ते पातळ होऊन पसरतं आणि लीफ शटरच्या (लेन्सच्या पोटातल्या शटरच्या) पातींवरही जाऊन बसतं. शटर चिकटण्याचं एक नेहमीचं कारण तेच. काठाशी इंद्रधनुषी चंद्रकोर दिसली तर चिकटवलेल्या दोन काचांमधला गोंद सुटतोय. ते घरचं काम नाही. बुरशी अशा जोडकाचेच्या आत शिरली असेल तर तेही नाही. जुपिटर-८ या सोव्हिएत लेन्समध्ये सहा काचा तीन गटांत आहेत आणि मधल्या गटात तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या आहेत. तिथे आत जाळं दिसलं तर साफसफाईचे पैसे वाचवा आणि दुसरी जुपिटर शोधा. ती स्वस्त पडेल.

धुळीचे चार कण दिसले म्हणून लेन्स उघडू नका. फोटोत ते येत नाहीत. लेन्स उघडताना आत जाते ती धूळ मात्र जास्त असते.

खिडकीतला पिवळा चौकोन फिका झाला असेल तर

बुरशी आणि धूळ रेंजफाइंडरच्या आरशांवरही बसते. चौकोनातली दुहेरी प्रतिमा फिकी पडते आणि संध्याकाळी फोकस जुळत नाही. वरचं झाकण काढणं फार अवघड नाही, त्यामुळे हौशी माणूस पहिला हात तिथेच घालतो. बाहेरच्या खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून पुसायला हरकत नाही. मधल्या तिरक्या अर्धपारदर्शक आरशाला मात्र कापूस लावायचा नाही. त्याच्यावरचा धातूचा मुलामा इतका नाजूक असतो की जुन्या कॅमेऱ्यांत अल्कोहोलच्या एका फटक्यात तो बोळ्यावर उतरतो. मग चौकोन फिका राहत नाही, गायबच होतो. रबरी पंपाने हवा मारा आणि तेवढ्यावर थांबा. अगदीच डाग असेल तर डिस्टिल्ड वॉटरने ओला केलेला बोळा नुसता टेकवून उचला, घासू नका. मुलामा आधीच उडाला असेल तर तो आरसाच बदलावा लागतो.

‘ऊन दाखवा’ हा सल्ला

लोणच्याच्या बरणीला लागू पडतो तो उपाय लेन्सलाही लागू पडेल असं घरोघरी मानतात. उन्हाने हवा कोरडी होते, एवढंच खरं. बुरशी मारणारे अतिनील किरण काचेत बऱ्याच अंशी अडतात, आतल्या काचांपर्यंत पुरेसे पोचत नाहीत. गरम झालेलं ग्रीस मात्र पातळ होऊन पाझरतं.

झोर्की, फेड किंवा लायकाच्या बाबतीत तर हा सल्ला थेट घातक आहे. या कॅमेऱ्यांत लेन्स आणि कापडी पडदा यांच्यामध्ये आरसा नसतो. इन्फिनिटीला (सर्वात दूरच्या फोकसला) लावलेली लेन्स सूर्याकडे तोंड करून खिडकीत ठेवली की बहिर्वक्र भिंगाचं काम ती चोख करते आणि पडद्याला टाचणीएवढं भोक पडतं. पुढच्या रोलवर प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी प्रकाशाचा ठिपका दिसतो. असा ठिपका ज्याच्या रोलवर दिसतोय त्याने लेन्स काढून पडदा अंधारात मागून टॉर्च मारून बघावा. भोक एखादंच असेल तर काळ्या लवचिक फॅब्रिक पेंटचा अगदी पातळ थेंब चालतो. उन्हात फिरताना कॅप लावा, नाहीतर लेन्स जमिनीकडे झुकवून ठेवा. (कॅप लावून फोटो काढण्याचा प्रकारही याच कॅमेऱ्यांत होतो. त्यावर इलाज नाही.)

काच साफ करताना

हे काम फक्त त्या काचांवर करा ज्या स्पॅनरने (लेन्सची कडी फिरवायच्या पान्याने) सुट्या होतात. लागणारं सामान प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतं: आयसोप्रोपिल अल्कोहोल, डिस्टिल्ड वॉटर, लेन्सचा कागद. हायड्रोजन पेरॉक्साइड औषधाच्या दुकानात मिळतं. ते साधारण ६ टक्क्यांचं असतं, तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घालून ३ टक्क्यांवर आणा. त्यात तितकंच घरगुती अमोनिया मिसळा. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, लागेल तेवढंच बनवा आणि उरलेलं झाकणाच्या बाटलीत भरून ठेवू नका, वायूचा दाब धरतो. ब्लीच या कामात जवळही आणायचं नाही, अमोनियाशी त्याचा विषारी वायू होतो.

आधी पंपाने धूळ उडवा. बोळा ओला करून काचेवर मधून बाहेर गोल फिरवा, जोर न लावता. मिश्रण काही मिनिटं राहू द्या, मग डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल. प्रत्येक वेळी नवा बोळा. मिश्रण धातूच्या कड्यावर आणि काचेच्या काठाच्या काळ्या रंगावर जाऊ देऊ नका, रंग सुटला की आत चकाकी वाढते. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या किंवा लगेच नंतरच्या लेन्सवरचं कोटिंग मऊ असतं. तिथे हा प्रयोग टाळा आणि जाणत्या माणसाकडे द्या.

लेन्सच्या आत कसलंही तेल फवारू नका. शटर चिकटतंय म्हणून गंजतेल मारलेला कॅमेरा आठवडाभर छान चालतो आणि मग कायमचा बसतो.

दुरुस्ती खरी बिघडते ती जोडताना. काचांच्या गटांमध्ये कागदासारखी पातळ पितळी कडी असतात. ती फोकसचं अंतर ठरवतात. एखादं राहिलं, उलटं बसलं किंवा काचच पालथी गेली, तरी लेन्स दिसायला साफ आणि फोकसला चुकीची. उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा. हेलिकॉइड उघडायचंच असेल तर लेन्स इन्फिनिटीला असताना एक खूण करा आणि धागे जिथे सुटले तिथे दुसरी. या पेचाला अनेक सुरुवाती असतात. चुकीच्या सुरुवातीला बसवला तर तो व्यवस्थित फिरतो, फक्त इन्फिनिटीला कधीच पोचत नाही.

साफ करून आणलीय, पण आता फोटो मऊ येतात

‘फंगस काढल्यापासून शार्पनेस गेला’ ही तक्रार बहुधा इथली असते. एसएलआरमध्ये चुकलेलं फोकस बघतानाच डोळ्याला दिसतं. रेंजफाइंडरमध्ये चौकोन नीट जुळलेला दिसतो आणि फिल्मवर भलतंच येतं, कारण दोन यंत्रणा वेगळ्या आहेत. एफ ८ ला (अ‍ॅपर्चर लहान असताना) दुपारच्या उन्हात हे कळतही नाही. ४५ मिमी लेन्सवर एफ १.७ ला १ मीटरवर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली जेमतेम ५ सेंटिमीटर आहे. तिथे माणसाचा डोळा सुटतो आणि कान शार्प येतो.

तपासायचं असं. फोटो फ्रेम करणाऱ्याकडून ३४ मिमी रुंदीची साध्या काचेची पट्टी कापून घ्या, धार घासून. एका बाजूला न चमकणारी मॅट टेप लावा, फुगे न ठेवता. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून टेपची बाजू लेन्सकडे करून पट्टी आतल्या दोन कड्यांवर (धातूच्या आडव्या रुळांवर) टेकवा, जिथे फिल्म टेकते तिथे. बाहेरच्या कड्या किंचित उंच असतात. पट्टी त्यांच्यावर बसली तर सगळं मोजमाप चुकतं. शटर ‘बी’वर उघडं धरा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, लेन्स इन्फिनिटीला, आणि मागून भिंगाने बघा.

समोर काय ठेवायचं? दादर चौपाटीवरून सी लिंकचे मनोरे दिसतात, त्यांच्या उभ्या कडा या कामाला नामी आहेत. मरीन ड्राइव्हवर असाल तर पलीकडच्या मलबार हिलच्या इमारती. पावसाळ्यात हवा धुरकट असली तर रात्री दूरचे दिवे घ्या किंवा सरळ चंद्र. समोरच्या बिल्डिंगचा अँटेना पुरेसा लांब नसतो. त्यावर इन्फिनिटी लावू नका.

काचेवर दूरची कडा कुरकुरीत दिसली तर लेन्स बरोबर आहे. मग खिडकीतून त्याच कडेकडे बघा. प्रतिमा डावी-उजवीकडे सरकलेली दिसली तर रेंजफाइंडर जुळवून घ्यायचा. वर-खाली सरकलेली असेल तर फोकस बिघडत नाही, फक्त डोळ्याला त्रास होतो. हा क्रम उलटा करू नका. काचेवर लेन्सच चुकीची दिसत असताना चौकोन जुळवून घेतला तर दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतील, तेही एकाच अंतरावर. झोर्की-४ ला आडवी दुरुस्ती समोरच्या छोट्या स्क्रूमागून होते. बहुतेक जपानी फिक्स्ड लेन्सच्या कॅमेऱ्यांना वरचं झाकण काढावं लागतं. शेवटी फिल्मच्या पातळीपासून मोजपट्टीने १ मीटर मोजून तिथेही एकदा बघा. वरच्या प्लेटवर आडव्या रेघेने कापलेलं वर्तुळ असेल तर तीच ती पातळी.

सोव्हिएत लेन्स लायकावर लावणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट: इन्फिनिटी बरोबर आणि १ मीटरला चूक, असं निघालं तर साफ करणाऱ्याकडे परत धावू नका. जुपिटर जुन्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याच्या मापावर बेतलेली आहे, लायकाच्या नाही. जवळच्या अंतरावर थोडा फरक पडायचाच.

परत येऊ नये म्हणून

कातडी केस हा पहिला गुन्हेगार. दिसायला राजबिंडी, आजोबांची आठवण, सगळं मान्य. तिला कॅमेऱ्यापासून वेगळी ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात उलगडून वाळवा, हवं तर शोकेसमध्ये लावा. कॅमेरा तिच्यात फक्त बाहेर नेताना. पट्टा कातडी असेल तर तोही काढून ठेवा.

कॅमेऱ्याची जागा म्हणजे रबरी कडीचं घट्ट झाकण असलेला प्लास्टिकचा डबा, स्वयंपाकघरात डाळी ठेवतो तसला पण मोठा. आत सिलिका जेल आणि छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा). हायग्रोमीटर लॅमिंग्टन रोडला मिळतो. स्वस्तातल्या मीटरवर विश्वास ठेवण्याआधी त्याची मिठाने परीक्षा घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चार थेंब पाण्याने ओलं करा, विरघळवू नका, आणि मीटरसोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. आकडा ७५ टक्के यायला हवा. तो ६८ दाखवत असेल तर पुढे दर वाचनात ७ मिळवा. वर्षभर ‘५५ आहे, बरं चाललंय’ म्हणत प्रत्यक्षात ६२ मध्ये कॅमेरे ठेवणारे बरेच असतात.

डब्यात आर्द्रता ४५ ते ५० टक्के असावी. ३० च्या खाली नेऊ नका, फार कोरड्या हवेत ग्रीस आणि कातडं सुकतं. सिलिका केशरी घ्या. ओल शोषली की तिचा रंग बदलतो, मग ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांना दोनेक तास तापवून परत वापरा. निळ्या सिलिकेत कोबाल्ट क्लोराइड असतं, तिला अन्नाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये घालू नका. आणि बुटांच्या खोक्यातल्या त्या इवल्या पुड्या गोळा करून काही होत नाही. त्या दुकानातून घरी येईपर्यंतच भरलेल्या असतात. डबा रोज उघडून कॅमेऱ्यांचं दर्शन घेण्याची सवय असेल तर कितीही सिलिका कमीच पडेल.

कॅमेरे बरेच असतील तर विजेवरचं ड्राय कॅबिनेट घ्यावं. माझ्या मते एका चांगल्या लेन्सच्या दोन-तीन साफसफाया वाचल्या की पैसे वसूल.

तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरणाऱ्यांनी ते थांबवावं. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, पण त्याची पूड प्रत्येक फटीत जाते आणि ती बुरशीचं जेवणच. कापूर आणि डांबरगोळ्या वास देतात, आर्द्रता कमी करत नाहीत. कपाटात झीरोचा बल्ब लावण्याची जुनी युक्ती खरोखर चालायची, कारण तो बल्ब गरम व्हायचा आणि आतली हवा सुकायची. हल्ली झीरोच्या नावाने मिळणारा एलईडी गरमच होत नाही. तो लावून कपाट फक्त उजळतं.

‘बुरशीची लेन्स चांगल्या लेन्सशेजारी ठेवली की लागण होते’ ही भीती अवाजवी आहे. बीजाणू मुंबईच्या हवेत सगळीकडे आहेतच, प्रत्येक लेन्सवर बसलेले. फरक पडतो तो आर्द्रतेने.

पावसात वापरताना

कॅमेरा वापरात ठेवणं चांगलंच, हवा खेळते, शटर मोकळं राहतं. सांभाळायचं ते थंडीतून उकाड्यात जाताना. एसी लोकलमधून चर्चगेटला उतरलात की थंड पडलेल्या कॅमेऱ्यावर, खिडक्यांवर, लेन्सच्या आतसुद्धा दव धरतं. गाडीतच तो झिपच्या पिशवीत बंद करा आणि उतरल्यावर वीस-पंचवीस मिनिटं पिशवी उघडू नका. दव पिशवीवर बसेल. घरी आल्यावर ओला कॅमेरा थेट डब्यात घालू नका. सुक्या कापडाने पुसून रात्रभर पंख्याखाली ठेवा, शटर मोकळं सोडून, लेन्सची कॅप काढून. बॅटरी काढा. आणि रोल अर्धा राहिला असेल तर ‘पुढच्या ट्रेकला संपवू’ म्हणून आत ठेवू नका. फिल्मवरचं जिलेटिनही बुरशीला आवडतं. उरलेल्या फ्रेम घरच्यांवर संपवा आणि रोल धुवायला टाका.